वाजता भाव

पार्सल फोडल्यावर निजामोद्दीननी आधी खोक्यात हात घालून बाकीचं सामान चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. मग खोकं उलटं करून काउंटरवर आपटलं. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा एक तुकडा तेवढा खाली पडला. कॉम्प्युटर म्हणून जे आलं होतं ते त्यांच्या तळहातावर मावत होतं आणि वर जागा उरत होती. हिरवी फळी, पत्त्याच्या पानापेक्षा लहान, कडेला दोन-तीन खाचा.

"हसीना, जरा बाहेर ये."

लातूरच्या गोलाईतून फुटणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या पाठीमागच्या दोन खोल्या म्हणजे घर. हसीना पदराला हात पुसत आली. चष्मा वर सरकवून तिनं फळी निरखली, उलटी केली, परत सुलटी केली.

"एवढंच?"

"एवढंच."

"आन् ते टीव्हीसारखं असतं ते? बटणांची पट्टी?"

"तेच शोधून राहिलो ना मी."

हसीनानं स्टूल पुढं सरकवलं. नवऱ्याचा चेहरा पडला की आधी त्याला बसू द्यायचं, पाणी द्यायचं आणि मग काय ते विचारायचं, हे ती चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात शिकली होती. या वेळी विचारायचीही गरज नव्हती. काय झालंय ते तिला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात वर्षाराणी मॅडम दुकानात आल्या होत्या. किल्लारीच्या अलीकडे भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं एक गाव आहे, तिथल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. गाव त्यांचं माहेरचंच. वडील अण्णाराव अजून तिथं शेती बघतात. मॅडमनी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. अख्खा कॉम्प्युटर, नऊशे नव्व्याण्णव रुपयांत. सातवीच्या वर्गात तीस मुलं, आणि गावानं मिळून तीस हजार जमवलेले. एका मुलामागं एक कॉम्प्युटर. बोलता बोलता मॅडमचे डोळे चमकत होते, पण बाई भोळ्या नव्हत्या.

"निजामचाचा, खरंच मिळत असेल का हो या भावात? मला तर खात्री वाटेना, म्हणून तुमच्याकडं आले."

इथं निजामोद्दीननी दोन दिवसांची मुदत मागायला हवी होती. कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण चाचा म्हटलं की त्यांना भरून येतं, आणि त्यातून ही अण्णारावांची लेक.

"कंपनीनं छापलाय म्हणजे मिळणार की, बेटा. तीसच्या तीस लावून, चालू करून देतो. त्याच भावात."

आतल्या खोलीत हसीना तूर निवडत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

तिचे हात का थांबले हे कळायला त्या दुकानाची रीत माहीत हवी. निजामोद्दीन रेडिओ विकायचे तेव्हा गिऱ्हाइकानं कितीही विचारलं तरी आधी भाव सांगत नसत. रेडिओ काउंटरवर ठेवायचा, सेल घालायचे, काटा हळूहळू फिरवत परभणी लावायची, खरखर जाऊन आवाज खणखणीत झाला की मग आकडा बोलायचा. याला ते वाजता भाव म्हणत. त्यात सेल आले, कव्हर आलं, गावाला जाऊन घरावर एरियलची तार बांधून देणंही आलं. एकदा बोलला की कमी नाही आणि जास्तही नाही. बाकीच्या दुकानांत बंद खोक्याचा सांगतात तो मुका भाव. "मुका भाव काय, कुणीबी सांगंल," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि गिऱ्हाईक हसायचं. ती रीत त्यांनी आयुष्यभर पाळली. या वेळी मात्र वस्तू डोळ्यांनीही न बघता वाजता भाव बोलून बसले होते, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमनी शाळेत तो मुलांना सांगून टाकला होता.

दुपारी अम्मार जेवायला आला. हा त्यांचा मुलगा. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतो. त्यानं फळी बघितली आणि घास हातात धरूनच हसला.

"अब्बा, हे नुसतं बोर्ड आहे. याला मेमरी कार्ड पाहिजे, अ‍ॅडॉप्टर पाहिजे, केबल पाहिजे, कीबोर्ड, माऊस, स्क्रीन. सगळं वेगळं घ्यायचं."

"मग अख्खा कॉम्प्युटर का म्हणतात?"

"त्यांच्या हिशोबानं हाच कॉम्प्युटर."

"बैल विकला आन् पाय वेगळे घ्या म्हणाले, तसं झालं हे."

"आन् हा भाव पण टॅक्स सोडून, कुरियर सोडून," अम्मार मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला. "एका गिऱ्हाइकाला एकच नग. आता तर तोही संपला म्हणून दिसतंय. तुम्हाला तीस कोण देणार?"

"पण विकला ना त्यांनी या भावात? हा काय माझ्या हातात आहे."

"विकला असंल की. थोडे नग विकायचे, नाव करायचं. लोक एवढ्यासाठी येतात आन् चार वस्तू वेगळ्या घेऊन जातात. आतली सिस्टीम तर त्यांना फुकटच पडती. ती लोकांनी घरी बसून लिहिलेली असती, आवडीनं. कुणी पैसे घेत न्हाई."

हसीना भाकरी वाढत होती. "घेत न्हाईत? त्यांच्या बायका काय म्हणतात मग?"

अम्मारला ठसका लागला. निजामोद्दीन मात्र हसले नाहीत. ते फळीकडंच बघत राहिले.

हसीना मूळची नांदेडची, इतवाऱ्यातली. तिचे वडील जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे विहिरीवरच्या मोटारीतली करपलेली तार काढून नवी गुंडाळायचे. मॅट्रिक झाल्यावर पोरीला घरी बसवलं खरं, पण बसल्या बसल्या तिचा हात तारेवर बसला. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा निजामोद्दीन घरच्या घरी रेडिओ जोडायला लागले होते. मोठ्या कंपनीच्या सेटची किंमत ऐकूनच खेड्यातला माणूस दुकानाची पायरी उतरायचा. यांनी त्याच्या निम्म्या भावात सेट काढला. त्याचं नाव शबनम. पेटी शेजारच्या सुताराकडून, काचेवरचे आकडे गल्लीतल्याच पेंटरकडून, आणि आतल्या कॉइली विकत आणायच्या तर त्यांनाच निम्मे पैसे जात. नवीन नवरी चहा देताना म्हणाली, तार आणून द्या, मी बघते.

केसाएवढी बारीक तार असायची ती. जोरात श्वास सोडला तरी हलायची. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की हसीना खिडकीत बसून गुंडाळायला घ्यायची. वेढे मोजताना तिचे ओठ हलायचे, आणि ते हलत असताना तिच्याशी बोलायचं नाही, हे घरातल्या पोराबाळांनाच काय, दारात येणाऱ्या दूधवाल्यालाही ठाऊक होतं. अम्मार रांगत यायचा, तिच्या ओठांकडं बघायचा आणि गपचूप मागं फिरायचा. गल्लीतल्या बाया भाजी घेऊन येऊन बसायच्या आणि आपसात कुजबुजत बोलायच्या, जणू घरात कुणी झोपलंय. वेढे संपले की हसीना मान वर करायची, आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. ते दिवस तिला अजून हवेसे वाटतात. तापलेल्या डाखेचा वास, बोटांच्या टोकांवर तारेनं पडलेले बारीक चरे, आणि पुढच्या खोलीत पहिल्यांदा खाकरणारा एखादा नवा सेट. परभणीची निवेदिका तिला नात्यातली वाटायची. काटा जरा सरकला की हैदराबाद लागायचं, आणि सासूबाई कान टवकारायच्या, त्यांचं माहेर तिकडचं.

शबनम खेड्याखेड्यांत गेला. औसा, निलंगा, किल्लारीकडच्या गावांत. निजामोद्दीन सायकलला सेट बांधून बसच्या टपावर सायकल चढवून जायचे. येताना कुणी शेंगा द्यायचं, कुणी ज्वारीचा हुरडा. हसीना कधी गेली नाही. गावांची नावं तिनं फक्त ऐकली.

भूकंप झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णाराव दुकानात आले. पोत्यात गुंडाळलेला एक सेट काउंटरवर ठेवला. पेटीचा चुरा झालेला, स्पीकरमध्ये माती भरलेली. घरातून दुसरं काही धड निघालं नव्हतं म्हणे. निजामोद्दीननी तो आत आणला. हसीनानं मांडीवर घेऊन कुंचल्यानं एकेक कण माती झाडली. ती माती पदरात साठत गेली आणि तिला ती टाकवेना. कॉइल तशीच्या तशी शाबूत होती. नव्या पेटीत घालून परभणी लावली तेव्हा अण्णाराव खाली बघत बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, आवाज तोच हाय. निजामोद्दीननी त्या दिवशी भाव सांगितलाच नाही. अशा माणसाच्या लेकीला आज काय सांगायचं, हा प्रश्न होता.

पुढचे काही दिवस निजामोद्दीन हट्टाला पेटले. स्क्रीनचा खर्च वाचवायचा म्हणून त्यांनी माळ्यावरून एक जुना डबा टीव्ही काढला. फळीवर दोन तारांना डाख लावून टीव्हीच्या मागच्या पिवळ्या पिनेत जोडणी केली. अम्मारनं कार्ड घातलं. चित्र आलं. निजामोद्दीननी विजयानं बायकोकडं पाहिलं.

"वाच बरं."

हसीना जवळ गेली, मागं झाली, परत जवळ गेली. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

"चष्मा काढल्यावर दिसतं तसं दिसून राहिलं."

"थोडं सवयीनं..."

"पोरांचे डोळे फोडायचेत का?"

टीव्ही परत माळ्यावर गेला. स्क्रीन जुन्या बाजारातला घ्यायचा, बाकी सामान ठोक भावात घ्यायचं, असं सगळं धरून अम्मारनं आकडा काढला. एकेक कॉम्प्युटर पाच हजारांच्या खाली काही केल्या येत नव्हता. निजामोद्दीननी तो आकडा ऐकला, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"बँकेत ठेव आहे ती मोडू."

"ती उमऱ्याची आहे, मक्केला जायची," हसीना म्हणाली.

"अल्लाला कळतं. जबान दिली मी."

"जबान दिली म्हणजे काय दिलं? दुसऱ्यानं छापलेला मुका भाव तुम्ही वाजता म्हणून सांगितला. चूक झाली. जाऊन सांगा, चूक झाली."

"कधी भाव फिरवला न्हाई मी. शबनमचा एक रुपयानं फिरवला न्हाई. निम्म्या भावात दिला आन् खरा दिला. आमच्या वेळी भाव खरा होता, हसीना. आता हे लोक..."

"खरा होता?"

तिनं आवाज चढवला नाही. ती मेथी खुडत होती, ती खुडतच राहिली.

"सुताराचे पैसे धरले होते त्यात. पेंटरचे धरले. शबनमचं स्टिकर छापणाऱ्याचे धरले. माझे कुठं धरले होते?"

निजामोद्दीननी टोपी पुन्हा काढली.

"मला पैसे नको होते. तेव्हाही नको होते, आताबी नको. त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले न्हाईत. पण निम्म्या भावात कसा बसत होता रेडिओ, याचा कधी विचार केला का? मी फुकट बसत होते म्हणून बसत होता. ते सिस्टीम लिहिणारे बसतात तसं. तेव्हा आमचा भाव खरा आन् यांचा खोटा, असं म्हणू नका. मला ऐकवत न्हाई."

अम्मार हळूच उठून पुढं दुकानात गेला. निजामोद्दीननी मेथीची एक जुडी स्वतःकडं ओढली आणि खुडायला लागले. वाईट खुडत होते, देठासकट.

त्या आठवड्यात हसीनानं अम्मारकडून कार्डात सिस्टीम भरायचं काम शिकून घेतलं. अवघड काही नव्हतं. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी सरकत राहते तेवढं बघत बसायचं आणि मधेच काढायचं नाही. अम्मारला धीर नाही, तो मधेच काढतो आणि कार्ड वाया घालवतो. हसीनाला बसायची सवय होती. तिनं कार्ड भरून, लावून, चालू करून तपासलं. अम्मार म्हणाला, अम्मी, तुझे ओठ हलून राहिलेत. मोजायला तर काहीच नव्हतं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर दोघं किल्लारीच्या जीपमध्ये बसले. हसीनाच्या मांडीवर पिशवीत फळी, निजामोद्दीनच्या पायांत जुना स्क्रीन चादरीत बांधलेला. हसीना खिडकीशी होती. लामजना पाटी गेली तशी ती बाहेर बघत एकेका गावाची पाटी वाचायला लागली. "हे का ते?" ती विचारायची, आणि निजामोद्दीन सांगायचे, हाव, इथं दोन सेट होते, इथं एका शिक्षकाकडं होता, इथं सरपंच पैसे द्यायला रडला. एवढी वर्षं कानांवर पडलेली गावं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेत बसली होती. वर्षाराणी मॅडम होत्या, अण्णाराव खुर्चीत काठी धरून बसले होते, चार-पाच पालक उभे होते. निजामोद्दीननी टेबलावर स्क्रीन मांडला, तारा जोडल्या. कार्ड हसीनानं घातलं. स्क्रीन काळा राहिला, मग त्यावर रंग आले, अक्षरं उमटली, स्वच्छ. मुलं गुडघ्यांवर उठली.

आता आकडा बोलायची वेळ होती. निजामोद्दीननी घसा साफ केला.

"मॅडम, मी मागं बोललो तो भाव चुकला. तो नुसत्या या फळीचा होता. मी न बघता बोललो."

अण्णारावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"निजामभाई, तुमच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकून राहिलो."

"हाव. मीबी पहिल्यांदाच बोलून राहिलो."

दोघं-चौघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मग खरा भाव काय, चाचा?"

"साडेपाच हजार. स्क्रीनसकट, बटणांच्या पट्टीसकट, बसवून, चालू करून. तुमच्या पैशांत पाच होतात. यात मजुरी धरलीय. बसवायची माझी, आन् कार्डं भरायची हिची."

हसीनानं चमकून वर पाहिलं. मजुरीचं घरी बोलणं झालं नव्हतं.

भुजंग नावाचा एक पालक पुढं आला. त्याची मुलगी पहिल्या रांगेत होती. "चाचा, मजुरी काढा की. शाळेचं काम हाय. तेवढ्यात सहावा बसंल."

बरोबर होतं त्याचं. सहावा बसत होता. सगळ्यांनी हसीनाकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडाशी आलंही होतं की राहू द्या, माझी काढा.

"न्हाई," निजामोद्दीन म्हणाले. "एकदा काढली होती. सगळ्या शबनममधून काढली होती. आता न्हाई."

भुजंगला काही समजलं नाही. अण्णाराव मात्र खुर्चीत पुढं सरकले.

"शबनममधलं काम भाभी करायच्या?"

"आतल्या कॉइली सगळ्या तिच्या."

"कधी बोलला न्हाईत."

"तुम्ही कुणी विचारलं न्हाई," हसीना म्हणाली.

अण्णारावांनी लेकीकडं पाहिलं. मॅडम मुलांकडं बघत होत्या. ज्यांना त्यांनी एकेक कॉम्प्युटर सांगितला होता ती तीस तोंडं त्यांच्याकडं बघत होती.

"पाच," त्या शेवटी म्हणाल्या. "एकावर सहा-सहा जण बसा. आळीपाळीनं करायचं." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि पहिल्या रांगेतली भुजंगची मुलगी आपल्याबरोबरचे पाच कोण असतील ते मागं वळून बघायला लागली होती.

परतीच्या जीपमध्ये औशाच्या अलीकडं निजामोद्दीन म्हणाले, "सहावा देता आला असता."

"आला असता."

"तू बोलणार होतीस ना, काढा म्हणून?"

"हाव. तुम्ही आधी बोललात."

"वाईट वाटून राहिलं?"

हसीनानं खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं उडणारा पदर डोक्यावरून नीट ओढला.

"पोरांचं वाटतं," ती म्हणाली. "भावाचं न्हाई."

औशाच्या स्टँडवर जीप थांबली. अजून तीन माणसं चढली, आणि ड्रायव्हरनं मागं वळून सगळ्यांना सरका म्हणून सांगितलं. दोघं सरकले.